खातेदाराचे पूर्ण नाव

३ फेब्रुवारी १९९७, सातारा
टायपिंग क्लास आजपासून बंद. सगळे टाइपरायटर विकून कॉम्प्युटर घेतला. वडूजकडच्या एका डेअरीसाठी दूध संकलनाचा प्रोग्राम लिहितोय. चेअरमन भाऊसोंनी शब्द दिलाय : जमलं तर शेजारच्या गावांच्या डेअऱ्याही माझ्याच. आता मागे वळणे नाही. (टाइपरायटरच नाहीत.) प्रमोदिनी बोलत नाही. बायकोच्या अबोल्यात कोडिंग छान होतं.

११ फेब्रुवारी
मानसशास्त्राचं पुस्तक संपवलं. नंबरानं हाक मारली की माणसाचं मन आक्रसतं. डेअरीत खात्यांचे नंबर रद्द! दूध घालणाऱ्यानं खातेदाराचं पूर्ण नाव सांगायचं. स्क्रीनवर नावासह 'नमस्कार'. असा विचार साताऱ्यात कुणी केला नसेल. पुण्यातही शंका आहे.

२० फेब्रुवारी
प्रमोदिनी बोलली. एकदा डेअरीवर दाखवून तर या, म्हणाली. अर्धवट वस्तू गिऱ्हाइकाला दाखवायची नसते, मी म्हणालो. युजरचा अभ्यास झालाय. कुठे? पुस्तकात. ती भाजी निवडायला गेली. 'नमस्कार'मधला 'स्क' अजून किंचित डावीकडे झुकतोय.

४ मार्च
भाऊसोंचा फोन. "कवा आणताय?" 'स्क' सरळ झाला की लगेच.

१० मार्च, सकाळ
डेअरीत नारळ फुटला. रांगेत पहिल्या हरणाबाई. खातेदाराचं पूर्ण नाव? त्यांनी दुधाची किटली पुढे केली. पुन्हा विचारलं. "मालकांचं खातं हाय." हो, पण नाव? पदर तोंडाला. "आवं, मालकांचं नाव कसं घिऊ?" मागचीला म्हटलं, तुम्ही सांगा यांच्या मालकांचं. "माजं थोरलं दीर हायती ते!" रांगभर हशा. खाती पुरुषांची आणि दूध घालायला सगळ्या बायका, हे पुस्तकात नव्हतं. रांग रस्त्यावर गेली. शेवटी दूध मोजणाऱ्या मानसिंगनं वही उघडली. "काकी, बारा नंबर न्हवं?" "व्हय रं." पाच मिनिटांत रांग साफ. 'नमस्कार' एकालाही गेला नाही.

दुपार
दोष प्रोग्रामचा नाही, प्रथेचा. तरीही मोठ्या मनानं नंबराची सोय केली. भाऊसो म्हणाले, "लय देखणं हाय. पर नंबरच सांगायचा तर वही काय वाईट हाय?"

संध्याकाळ
एसटीत मॉनिटर मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "टीव्ही बिघडला व्हय?"
व्हय, म्हणालो.