रंभाताईचं सुतक

ठाकुर्ली पूर्व,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

माझ्या थोरल्या रंभाताईला धाकट्या कलावतीचा वाकून नमस्कार. भाऊजींनी पाठवलेलं गुडघ्याचं तेल पोचलं, वास फार येतो पण गुण आहे. आम्ही सगळी बरी आहोत. बरी म्हणजे काय, ताई, मी पणजी झाले. रुचिताला मुलगी झाली. माझ्या विनीतची मुलगी. काल ज्याचं शेंबडं नाक पुसलं तो बाप झाला बघ.

रंग रुचिताचा घेतलाय, पण कानाची पाळी थेट आपल्या आईची. झोपेत ओठ असे हलवते, जशी कोळणीशी भाव करतेय. रुचिता म्हणते आजी, तुमच्यासारखीच बडबडी होणार ही. म्हटलं, होऊ दे, मुकी सून कोणाला हवी आणि मुकी पणती तरी कशाला हवी. शेकशेगडी मीच करते. डिंकाचे लाडू मीच केले, दोनदा पाक चुकला तरी खाल्ले सगळ्यांनी. बारसं पुढच्या रविवारी. हॉल घेतलाय, पाळण्याला शेवंतीच्या माळा, जेवण केटररचं. विनीत ज्यांची गाडी चालवतो ते उत्तमशेठ सगळं करतायत. मला साडीपण त्यांनीच आणली, काठाची, अबोली रंगाची.

तू मात्र येऊ नकोस. थंडी आहे, तुला दम लागतो. लिफ्ट बंद आहे, पाणी दिवसाआड येतं. विनीतला बहीण नाही, बाळाच्या आत्याचा मान तुझा होता हे मला ठाऊक आहे, पण मी फोटो पाठवीन.

हे पत्र तूच वाच, अक्षदाला वाचायला देऊ नकोस. सुनेसमोर नको. म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोन का केला नाही म्हणशील. घरातला फोन शेठनी दिलेला आहे.

तर शेठ. माणूस फार गोड बोलणारा. आमच्याकडे आले की चपला दाराबाहेर जुळवून ठेवतात, पाया पडतात. पण पाणी पीत नाहीत, चहा घेत नाहीत, आपल्या घरचं काही तोंडात घालत नाहीत. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, आजी, नाशकात आमची वहिनी गेली, अस्थी हरिहरेश्वरला न्यायच्यात. घरात बाईमाणूस नाही. कलश जमिनीवर ठेवायचा नसतो, कोणीतरी मांडीवर घेऊन बसायला पाहिजे. विनीत गाडी चालवेल, तुम्ही बसाल का. मला काय, एसीची गाडी, घाटात वडापाव, वर पुण्य. गेले.

नाशकात घर नव्हतंच. हायवेला एका बंद ढाब्याच्या मागे गाडी लावली. रडणारं कोणी नाही, डोकं भादरलेला कोणी नाही. एका माणसानं लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं आणलं. ताई, ते मडकं त्यानं आधी खाली ठेवलेलं, चपलांच्या शेजारी. मी बघितलं. अस्थी असत्या तर झाडाला टांगल्या असत्या. माझ्या मांडीवर आलं तर जड, तांदळाच्या डब्यासारखं जड. आमच्या ह्यांच्या अस्थी मीच नेलेल्या, त्या किती हलक्या होत्या मला माहीत आहे. तरी मी त्यावर पदर घेऊन बसले. कल्याणला आल्यावर एक पोरगा उतरवून घेऊन गेला. हरिहरेश्वर राहिलंच.

मग शेठचे काका गेले. मग मामी. शेठच्या घरात फार माणसं मरतात बाई, आणि सगळी नाशकातच. आणि मी साडीवर साडी घेत गेले, हेही लिहून टाकते.

गेल्या खेपेला पडघ्याच्या अलीकडे पोलिसांची नाकाबंदी होती. आमच्या पुढच्या टेम्पोची फळकुटं उपसलेली, खालून पांढऱ्या पावडरच्या पुड्या काढत होते. टीव्हीवर रोज दाखवतात ना, एमडी का काय ती, जिच्यापायी इथली पोरं कॉलेज सोडून स्टेशनवर पडून असतात. टेम्पोवाले रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले, तोंडावर फडकी. एकाची चप्पल तुटलेली होती. मांडीवरचं मडकं तेव्हा मला गरम लागायला लागलं. नसेल झालं गरम, मलाच लागलं.

एक पोलीस बाई आली. छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलं, हेमांगी. तिनं विचारलं, कोणाच्या अस्थी आजी? शेठनी शिकवलेलं नाव डोक्यातनं गेलं. कोरी पाटी. आणि माझ्या तोंडातनं आलं, रंभाच्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या.

आणि मी रडले, ताई. खोटं नाही, खरंच रडले. तू गेलीस असंच मला वाटलं. त्या पोरीनं हात जोडले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाली, सावकाश जा आजी. मागची डिकीसुद्धा उघडली नाही.

शेठना ही गोष्ट फार आवडली. विनीतच्या मोबाईलमधला तुझा फोटो घेतला, आपल्या अक्षदाच्या हळदीतला, हसतेयस तो. मोठा करून, फ्रेम करून, चंदनाचा हार घालून गाडीत पुढे ठेवला. शेजारच्या केशरबाईनं गाडीत पाहिला आणि धावत वर आली. रंभाताई गेल्या आणि सांगितलं नाहीस म्हणाली. सुतकात बाळाला हात लावू नकोस म्हणाली. मी काय सांगणार. मी तुझं सुतक पाळलं. माझी पणती पाळण्यात रडत होती आणि मी दाराशी बसून बघत होते. रुचिता म्हणे, आजी घ्या ना, आणि विनीत तिच्याकडे नुसता बघी.

लिफ्ट चालू आहे. पाणी रोज येतं. शेठ म्हणाले, तुमच्या ताई बारशाला आलेल्या दिसू नयेत, गेलेलं माणूस गेलेलंच बरं. हसून म्हणाले. चपला जुळवत.

हे मी इतक्यावरही गिळलं असतं. पण परवा आले आणि पुढच्या फेरीचं बोलायला लागले. म्हणे म्हाताऱ्या माणसांची नावं नकोत आता, तरण्याताठ्याचं नाव घेतलं की पोलीस जास्त विचारत नाहीत. विनीत तिथंच उभा, बाळाला खांद्यावर घेऊन. शेठ म्हणाले, "विनीतचंच नाव घ्या ना आजी. तोंडात बसलेलं आहे, विसरणार नाही."

ते गेल्यावर मी विनीतला म्हटलं, सोड हे काम. तो म्हणाला, "आधीचा ड्रायव्हर नाही म्हणाला होता, आजी." मी विचारलं, मग? त्यानं बाळाची टोपी सारखी केली आणि आत गेला.

तुझं नाव माझ्या तोंडातनं चुकून गेलं. नातवाचं नाव मी घेणार नाही. एकदा घेतलं की ते घरात राहायला येतं. तुझा हार घातलेला फोटो बघताना मला तेच वाटतं, तू इथं जवळपास आहेस आणि गार आहेस.

म्हणून वर लिहिलंय ते खोड. ये तू. पत्र मिळेल त्या रात्रीची एसटी धर, घरी येऊ नकोस. मी रोज सकाळी देवळात जाते सांगून कल्याणच्या स्टँडवर येऊन बसेन, कोकणच्या गाड्या लागतात तिथं. तिथनं आपण दोघी पडघ्याला जाऊ, त्या हेमांगीला शोधू. मी एकटी गेले तर पुन्हा काहीतरी भलतंच बोलेन, माझं मला माहीत आहे. तू शेजारी उभी असलीस की खोटं बोलता येणार नाही. तुला बघूनच तिला कळेल.

विनीतला धरतील. रुचिता माझं तोंड बघणार नाही, बारसं कसलं होतंय. कळतंय मला सगळं. पण तुरुंगात डबा नेता येतो, ताई. काचेपलीकडनं का होईना, जेवलास का विचारता येतं.

हिरव्या बांगड्या भरून ये. लांबनं दिसू देत.

तुला मारून बसलेली, तुझ्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
तुझीच कला