शेवटचं ढेकूळ

आये, आज नातीचा इंग्रजीचा गृहपाठ घेऊन बसले होते, आणि त्यात तू आलीस. तिच्या पुस्तकात एक शब्द होता, ‘प्लग’. त्याच्या जवळच्या अर्थाचे पाच शब्द लिहायचे होते. ब्लॉक आणि स्टॉप तिला येत होते, पुढे गाडी अडली. मला म्हणाली, आजी, तू पेपर वाचून वाचून इंग्रजी शिकलीस ना, मग सांग. मला ‘स्टफ’ आठवला, ‘सील’ही आठवला. चार झाले. पाचव्याला मी खिडकीतून बाहेर बघत बसले. बोईसरच्या आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांशिवाय काही दिसत नाही, पण मला खाडीकडचा आपला बांध दिसायला लागला. तिथे तू गुडघाभर चिखलात वाकलेली आहेस, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला आहे, आणि तिवरांच्या बाजूला हात घालून चिंबोरीच्या बिळाचं तोंड शोधते आहेस.

तुझ्याकडे या एकाच कामाला किती शब्द होते गं. पेंढा कोंबायचा, चिखल ठासायचा, वरून तळव्यानं लिंपायचं, पाणी अडवायचं, बीळ बुजवायचं. तू कधी शिकवायला म्हणून बोलली नाहीस, पण कोंबताना हाताची बोटं चालायची, ठासताना पायाची टाच, लिंपताना नुसता तळवा. म्हणून ते शब्द माझ्या डोक्यात नाहीत, अंगात आहेत. आता गुडघे बोलतात, कंबर बोलते, तेव्हा वाटतं, तू तर हे सगळं दर अमावास्येला आणि पुनवेला करत होतीस. उधाण यायच्या आधी सगळा बांध चालून बघायचा. एक बीळ राहिलं तर खारं पाणी शेतात, आणि एकदा खारं शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भात नाही. बाबा गेल्यापासून हे चालणं तुझं आणि माझं. तू खाडीच्या बाजूनं, मी शेताच्या बाजूनं. भाऊ नाही, काका नाही. दोन बायका आणि एक बांध.

आणि मग माझं लग्न निघालं. तेव्हा तिकडे तारापूरला मोठं काम सुरू झालं होतं. कुठून कुठून माणसं येत होती. त्यातलाच हा एक, सांगलीकडचा फिटर, बोईसरला खोली घेऊन राहिलेला. मामानं स्थळ आणलं. माणूस सरळ होता, तुलाही आवडला, पण तू होकार देईनास. मला वाटायचं, परक्या मुलखातला म्हणून असेल. एक दिवस मामानं तुला सरळ विचारलं, तेव्हा तू चुलीतलं लाकूड आत सारत म्हणालीस, ‘‘पोर गेली तं बांधाच्या त्या अंगाला कोन चालंल?’’ मी आत तांदूळ निवडत होते. मी हात थांबवला नाही, पण पुढचे किती खडे तांदळात राहिले कोण जाणे.

त्यावर तूच तोड काढलीस. मामाच्या विहिरीच्या कट्ट्याचं सिमेंट उरलं होतं. वैशाखात तू ते डोक्यावरून आणलंस. वळणावरची ती जुनी जागा, जिथे दर वर्षी चिंबोऱ्या हमखास पोखरायच्या, ती तू खणलीस आणि सिमेंटनं भरून टाकलीस. शेजारची काकी म्हणाली, अगं, चिखलाच्या बांधाला दगडाचा दात कशाला बसवतेस? तू तिला हसून म्हणालीस की कवळीच बसवते, आता वय झालं. पण मला माहीत आहे, तू दमली होतीस. एकदाचं काय ते बंद व्हावं, परत वाकावं लागू नये, असं तुला वाटत होतं. आणि मला मोकळं करायचं होतं. त्या संध्याकाळी हात धुताना तू म्हणालीस, ‘‘आता एकटीला झेपंल. सांग तुज्या मामाला, बोलनी करा म्हनावं.’’

सिमेंट काही फुटलं नाही, आये. ते शेवटपर्यंत शाबूत होतं. उन्हाळ्यात शेजारचा चिखल आक्रसला आणि सिमेंटच्या कडेनं केसाएवढी फट राहिली. चिखल चिखलाला धरतो, सिमेंटला नाही. भाद्रपदातल्या उधाणाला पाणी त्या फटीत शिरलं. भात पोटरीला आलं होतं. सकाळी आपण गेलो तेव्हा सिमेंटचा तो गठ्ठा शेतात कलंडून पडला होता आणि बांधाला बैल जाईल एवढी खांड पडली होती. भाताची पाती अजून हिरवीच होती. त्यांना कळलंच नव्हतं अजून. तू चिखलात बसली नाहीस, कपाळ बडवलं नाहीस. एक पात तोडून दातांखाली धरलीस आणि थुंकलीस, एवढंच.

मग काकीनं आरोळी दिली आणि गाव आलं. सुकती लागली होती, पाणी उतरत होतं, ते परत चढायच्या आत खांड बांधायची होती, नाहीतर आपल्या मागची सगळ्यांची शेतं जाणार. आपल्याकडे रांग लावायची रीत. खणणारा ढेकूळ काढतो, ते हातोहात उडत उडत खांडीपर्यंत येतं. नवख्याला वाटतं, फेकायचं आणि झेलायचं. तू लहानपणी माझ्या हातावर चापटी मारून शिकवलं होतंस, ‘‘ढेकूळ फेकत नाय, देतात.’’ समोरच्याच्या तळव्यात ते बसलं पाहिजे, फुटता कामा नये. नेमकी त्या दिवशी ह्याला कामावर सुट्टी होती, म्हणून हा सायकल मारत आपल्याकडे आला होता. बांधावर गर्दी बघून त्यानं विजार वर दुमडली आणि न विचारता रांगेत शिरला. पहिलंच ढेकूळ त्यानं दोन्ही हात ताठ करून घेतलं. ते त्याच्या छातीवर फुटून सदराभर झालं. बायका अशा हसल्या की रांग थांबली. काकी म्हणाली, ‘‘नवरदेवाला हळद आताच लागली, आता भटजीचं काय काम?’’ तोही हसला. पण हळूहळू त्याचे हात नरम झाले. माझ्या पलीकडेच तो उभा होता, त्याच्याकडून आलेली ढेकळं मी पुढे देत होते, आणि दुपारपर्यंत त्यातलं एकही फुटलेलं नव्हतं. तू खांडीत उभी होतीस, ठासत होतीस, पण तुझं लक्ष होतं. मी तुझ्या मानेवरून ओळखलं.

खांड भरत आली. आता राहिलं शेवटचं ढेकूळ. तुला सांगायला नको, ते ज्याचं शेत त्यानं टाकायचं नसतं, त्याच्या घरच्यानंही नाही. परक्या हातानं टाकायचं, म्हणजे बांध सगळ्यांचा होतो आणि पुन्हा हाक मारायला तोंड राहतं. सगळे म्हणाले, पाहुणा आहे ना, पाहुण्याला द्या, घाटावरचा हात, याहून परका कुठला मिळणार? त्यानं हात पुढे केलेसुद्धा. तू ढेकूळ उचललंस आणि त्याला ओलांडून माझ्यासमोर आलीस.

‘‘पावन्याला नको,’’ तू म्हणालीस. ‘‘तो आता घरचा हाय. माजी बाय टाकंल.’’

काकीनं पदर तोंडाला लावला. शेत गेलं होतं, वर्षाचं भात गेलं होतं, बांधाला माणूस हवं होतं आणि नेमक्या त्याच दिवशी तू मला परकी केलंस. तुझ्या हातातून माझ्या हातात ते ढेकूळ आलं, जरासुद्धा न फुटता. मी खांडीत उतरले, ते बसवलं, टाचेनं ठासलं. वरून तू लिंपलंस. पाणी चढायला लागलं होतं.

पुढे दर उधाणाच्या आदल्या दिवशी हा बोईसरहून सायकलवर यायचा आणि शेताच्या अंगानं चालायचा. मी चालायचे तिथूनच. तू त्याला चिंबोरीचं कालवण घालायचीस आणि त्याची मापं काढायचीस. तू गेलीस, तेव्हा चितेला अग्नी कोणी द्यावा यावर लोक कुजबुजत होते, हा पुढे झाला. आता तोही नाही. बांधावर तिवरं माजलीत, खाडी कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. मी मागे एकदा गेले होते, फार चालवलं नाही. परत आले.

नातीला पाचवा शब्द मी सांगितला नाही. एक-दोन सुचले होते, पण म्हटलं, शेवटचा तू टाक. ती म्हणाली, आजी, तू आळशी झालीस. असेल. हे पत्र पाकिटात घातलंय, त्याचं तोंड मात्र चिकटवलेलं नाही. ते माझ्या हातानं व्हायचं नाही, आणि पाठवायचं तरी कुठे? कपाटात पातळांच्या घडीत राहील.

एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, पोर लाजली म्हणून थबकली. तसं नव्हतं. तू एकदा तरी ‘नको जाऊस’ म्हणशील म्हणून मी ते ढेकूळ जरा जास्तच वेळ हातात धरून उभी होते.