तुझ्या लॅपटॉपवर मी एक्सपी का टाकली

अहेरी,
१५ नोव्हेंबर २००९

प्रिय दिव्यानी,

फेब्रुवारीत तू फोनवर मला जे बोललीस, त्यानंतर आपण बोललोच नाही. तू म्हणाली होतीस, बाबांसाठी इतक्या हौसेनं नवा लॅपटॉप पाठवला आणि निशात, तू त्यात जुनाट विंडोज एक्सपी टाकून त्याची वाट लावलीस. तुला वाटलं असेल, निशातला राग आला. राग नव्हता गं. खरं कारण सांगता येत नव्हतं आणि खोटं जमत नव्हतं, म्हणून फोन ठेवला. आज दुकान बंद आहे, अब्बू आलापल्लीला गेलेत, आणि मी ठरवून लिहायला बसले आहे. फोनवर मी मध्येच रडले असते, आणि तुला अर्धंच कळलं असतं.

पहिल्यापासून सांगते. काकांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, जुना कॉम्प्युटर विजेच्या झटक्यानं जळाला, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा वनहक्काच्या दाव्यांचे दिवस होते. तहसीलसमोरच्या त्यांच्या टायपिंगच्या टेबलापुढे सकाळपासून माणसं उभी असायची, भामरागडकडची, एटापल्लीकडची. त्यात तुझं पार्सल आलं. काकांनी ते सगळ्यांना दाखवलं. चहावाल्यालाही दाखवलं. दोन दिवसांनी मात्र लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले आणि म्हणाले, "निशात, यातलं हे नवीन काढ. मले जुनंच पायजे. जसं होतं तसंच."

मी समजावलं. ही नवी विंडोज, व्हिस्टा, चांगली दिसते, सवय होईल, असं म्हटलं. त्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर व्हिस्टावर चालत नव्हतं हे खरंच होतं, म्हणून मलाही ते कारण पटलं. सीडी टाकली तर एक्सपी म्हणते, हार्ड डिस्कच सापडत नाही. नव्या पद्धतीची डिस्क जुन्या विंडोजला ओळखता येत नव्हती. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक सेटिंग बदललं तेव्हा कुठे ती दिसली. मग आवाज नाही, स्क्रीनवर सगळं ताणलेलं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसाठी एक्सपीचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज-स्क्रीन चालवणारी छोटी सॉफ्टवेअरच नव्हती. दुसऱ्या मॉडेलचे उतरवून एकेक लावून पाहिले. आपल्याकडचं नेट तुला माहीत आहे. तीन दिवस लागले. गावात हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं मला वाटत होतं आणि त्याचा मला गर्व झाला होता. हे तुला मुद्दाम सांगते आहे.

तिसऱ्या दिवशी काका शेजारी बसले होते. मी विचारलं, फोल्डर कुठे ठेवू? ते म्हणाले, "डाव्या बाजूले, वरून तिसरं. त्याच्या खाली दाव्याचा फॉर्म." मी ठेवलं. त्यांनी स्क्रीनच्या कडेवर अंगठा टेकवला, तिथून वीतभर माप घेतलं आणि मान वाकडी करून त्या ठिकाणी बघितलं. मग म्हणाले, "अजून थोडं खाली." मी हात थांबवला आणि विचारलं, काका, तुम्हाला दिसत नाही का? त्यांनी कडेवरचा अंगठा काढून घेतला. मग म्हणाले, "दिसते. पण नळीतून पाहिल्यासारखं दिसते. मधातलं दिसते, बाजूचं नाई. काय कुठी आहे ते माहीत असलं, तर काम होते."

नव्या विंडोजमध्ये सगळ्या जागा बदलल्या होत्या, दिव्या. त्या नळीतून एवढ्या मोठ्या स्क्रीनवर एकेक गोष्ट शोधत बसणं त्यांना शक्य नव्हतं. बटणांचं काही नव्हतं, टायपिंग तर त्यांच्या बोटांतच आहे. मलाही त्यांनीच शिकवलं. माझ्या घरचे नको म्हणत होते तेव्हा काका अब्बूंकडे येऊन बसले होते आणि पोरीला रोज तासभर पाठवा म्हणाले होते. माझं दुकान त्यांच्यामुळे आहे.

मी म्हटलं, दिव्यानीला फोन लावते. त्यांनी माझा हात धरला. "तिले सांगू नको. ते नोकरी सोडून इथी येऊन बसन. मायच्या आजारपणात एक वर्ष गेलं तिचं, आता पुन्हा नाई." तुझ्या आईच्या, मनकर्णाकाकूंच्या वेळी तू परीक्षा सोडून आली होतीस, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं.

आणखी एक आहे. तू तो लॅपटॉप कॅमेऱ्यासाठी घेतला होतास, रविवारी बाबांना बघता यावं म्हणून. कॅमेरा एक्सपीवर चालत नाही असं मी तुला सांगितलं. आधी खरंच चालत नव्हता. पण मार्चमध्ये मला त्याचा ड्रायव्हर सापडला. काका म्हणाले, "राहू दे. तिनं पाहिलं तर ओळखन." मी तो टाकला नाही.

मे महिन्यातल्या तुझ्या लग्नाबद्दल तुझ्या मनात काय आहे तेही मला काकांकडून कळलं आहे. पियुष जातीबाहेरचा म्हणून बाबा आले नाहीत, असं तुला वाटतं. काका निघाले होते गं. नवा शर्ट, तुझ्यासाठी आईची नथ, सगळं घेऊन बल्लारशाला पोचले होते. स्टेशनच्या पुलावरून उतरताना पायरी दिसली नाही. चार पायऱ्या खाली गेले. हमालानं उठवून बाकावर बसवलं. गुडघा फुटला होता, पॅन्टला रक्त लागलं होतं. तिथे ते गाडी जाईपर्यंत बसून राहिले. मला नंतर म्हणाले, "सासरच्या लोकायपुढं धडपडलो असतो, तर पोरीले काय वाटलं असतं?" तुला त्यांनी कळवलं की उन्हाचा त्रास होतो आहे. नथ माझ्याकडे ठेवायला दिली. अजून आहे.

पावसाळाभर ते असेच काम करत राहिले. मी रोज संध्याकाळी जाऊन कागद तपासायची, चुका दुरुस्त करायची. ऑक्टोबरमध्ये मला आठ दिवस ताप होता. त्या आठवड्यात न तपासता गेलेला दावा घेऊन सुकलू नावाचा एक म्हातारा पुढच्या आठवड्यात परत आला. चतुःसीमेत, म्हणजे वावराच्या चारी बाजूंना कोण आहे त्या भागात, उजव्या रकान्यात भलतीच नावं आली होती, आधीच्या माणसाच्या फॉर्ममधली पुसायची राहिली होती. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, हे माहं वावर नाई." काकांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ फिरवला. मग दुसरा दावा करून द्यायला त्याला माझ्याकडे पाठवलं आणि लॅपटॉप बंद केला. त्या दिवसापासून ते टेबलावर बसलेले नाहीत.

मग मी हट्टानं त्यांना चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्यात मधली थोडी नजर शिल्लक आहे. गेलेलं परत येत नाही. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सात-आठ महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, थेंबांवरही भागलं असतं. सात-आठ महिने म्हणजे फेब्रुवारी. मी तेव्हा ड्रायव्हर शोधत होते. एक दिवस दुकान बंद करून त्यांना बसमध्ये बसवलं असतं तर झालं असतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांचं काम चालू राहावं म्हणून मी सगळं जागच्या जागी लावून दिलं, आणि ते चालू राहिलं म्हणूनच कुणाला काही कळलं नाही. परतीच्या बसमध्ये काका म्हणाले, "तू मनावर घेऊ नको, मीच सांगितलं होतं तुले." त्यांनी हे म्हणायला नको होतं. मला ते जास्त लागलं.

हे पत्र माफीसाठी नाही. तू माफ केलं नाहीस तरी मी समजेन. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल, नागपूरला, आणि ते या महिन्यातच व्हायला हवं, म्हणजे आहे तेवढं टिकेल. काका नाही म्हणतात, कारण मग तुला सांगावं लागेल. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. म्हणून मी वचन मोडलं आहे. त्यांना सांगितलेलं नाही, तूच ये आणि सांग. रजा मिळाली नाही तर पियुषला पाठव, पण शक्यतो तूच ये. चंद्रपूरहून पहिली एसटी धरलीस तर दुपारपर्यंत पोचशील. मी स्टँडवर येईन, तुला बोलायचं नसेल तर नुसती बॅग घेईन. आणि घरात शिरताना बाजूनं जाऊ नकोस, दचकतात. ते दिवसा ओसरीवर बसलेले असतात. सरळ त्यांच्या पुढ्यात जा, जवळ, आणि थोडा वेळ हलू नकोस.

तुझीच,
निशात