तपासणी समितीसमोर मोठ्याने हसल्याबद्दल खुलासा आणि नवीन मॅगझिनची मागणी

प्रति,
मा. शस्त्र तपासणी अधिकारी,
नागरी संरक्षण दल.

विषय : सबमशिनगनच्या मॅगझिनचा भरवसा नसल्याबाबत, तसेच अर्जदाराच्या हसण्याबाबत.
संदर्भ : ‘हसण्यासारखे काय होते?’ असे विचारणारे आपले कालचे पत्र.

महोदय,

अर्जदार धंद्याने बेकरीवाला असून युद्ध सुरू झाल्यापासून शहराच्या पंपघरावर पहारा देतो. त्यास दलाकडून मिळालेली सबमशिनगन पत्र्याची असून दिसायला सायकलच्या पंपाची चुलत बहीण आहे. त्यास हरकत नाही. हरकत मॅगझिनला, म्हणजे काडतुसे भरायच्या डबीला आहे. त्याचे तोंड जरा चेपले, की वर येणारे काडतूस तिरके होऊन अडकते. आतली स्प्रिंग मनात आले तर ढकलते, नाही तर स्वस्थ बसते. अर्जदाराच्या पत्नीने पहिल्याच दिवशी “त्यापेक्षा लाटणं न्या, ते हातात घेतलं की चालतं तरी,” असे सुचविले होते. नियमात बसत नसल्याने सूचना नाकारण्यात आली.

२. सोमवारी सकाळी अर्जदार पंपघरात शिरला असता समोर शत्रूचा शिपाई उभा. दोघांनी एकदमच चाप ओढला. दोन्हीकडून नुसते ‘खट्’. कारण त्याच्या हातातली बंदूकही आपल्याच दलाची, त्यांनी पळवून नेलेली होती. दोघांनी मॅगझिन उपटले, मांडीवर आपटले, फुंकर मारली, परत बसविले. पुन्हा ‘खट्’. एवढ्यात शत्रूचे मॅगझिन निसटून पाण्याच्या टाकीत गेले. त्याने टाकीकडे पाहिले, मग अर्जदाराकडे, आणि जो हसत सुटला तो खालीच बसला. अर्जदारासही आवरेना. शरण येण्यासाठी हात वर करण्याचेही त्राण त्या शिपायात उरले नव्हते. सबब अर्जदाराने त्यास बखोटीला धरून चौकीवर आणले.

३. तेथे आपण म्हणालात, “बंदूक अडकत नसते. तूच कचरलास.” युद्धात भ्याडपणाला काय शिक्षा असते हे अर्जदाराच्या पत्नीसही ठाऊक असल्याने त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

४. मंगळवारी तपासणी समितीसमोर आपण स्वतः अर्जदाराच्या बंदुकीचा चाप ओढलात. एक गोळी सुटली. आपण अर्जदाराकडे विजयी मुद्रेने पाहिलेत. दुसरी अडकली. आपण मॅगझिन बदललेत, तेही अडकले. एकामागून एक सगळी अडकली. शेवटी संतापून आपण बंदूक जमिनीवर आदळलीत, आणि तिला कंठ फुटला. चापाला कोणाचे बोट नसताना ती अंगणात गरगर फिरत गोळ्या झाडू लागली. समिती चिखलात आडवी झाली. दोन बादल्या व ‘शस्त्रे जपून हाताळा’ ही पाटी कामी आली.

मग सारे शांत झाले. एकेकाने आपापले हातपाय चाचपले. सगळे जागच्या जागी होते. अर्जदार हसला तो तेव्हा. त्यात उपहास नव्हता. सकाळी मरायचे म्हणून घरून निघालेल्या माणसाची बाजू बंदुकीनेच मांडली होती आणि कोणाला ओरखडाही आला नव्हता. हे एकदम पोटातून वर आले.

५. त्या हसण्यापायी हल्ली अर्जदार कोठडीत असून सोबतीस तोच शत्रूचा शिपाई आहे. समितीची हकीकत ऐकल्यापासून तो कण्हत हसतो आहे व पहारेकऱ्यासही लागण झाली आहे. सबब दोघांना वेगळे ठेवावे, म्हणजे कोणाला तरी झोप लागेल.

६. अर्जदाराच्या जागी आज त्याचा धाकटा मेहुणा पंपघरावर उभा आहे. त्याच्या हाती तसलीच बंदूक आहे. त्याच्यासमोर येणारा शत्रू हसऱ्या स्वभावाचा निघेलच असे नाही. म्हणून अर्जदाराच्या सुटकेचे सवडीने पाहावे; धड चालणारी मॅगझिने मात्र दिवस मावळण्यापूर्वी तेथे पोहोचवावीत.

७. चिखलात आपण अर्जदाराच्या शेजारीच पालथे होतात. आपले खांदे गदगदा हलत होते. चौकशीत विचारणा झाल्यास, साहेबांना हुंदका आला होता, असे अर्जदार शपथेवर सांगेल. मॅगझिने न पोहोचल्यास त्यास खरे आठवेल.

आपला, कोठडीतून का होईना, नम्रच,
पंपघरावरील पहारेकरी
(सही)
बुधवार, दुपार