मोकळा गोल

नंदुरबार, ४ मार्च १९३६

आदरणीय टर्नली साहेबांस,

उद्याच्या निरोप समारंभात तुमचे चरित्र वाचायचे म्हणून तुम्ही मला जुनी कात्रणे दिलीत. त्यातल्या १८९५ च्या कात्रणापाशी मी सकाळपासून अडले आहे. तीनदा अंगणात जाऊन आले.

माझा भाऊ चुडामण तुमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. अंतिम सामन्यात आपल्याच खेळाडूने मुद्दाम पाय घातला, समोरच्यांना पेनल्टी मिळाली, आणि तुम्ही चुडामणला गोल सोडून बाजूला उभे केलेत. म्हणालात, "चूक आपली, शिक्षाही आपली. आम्ही हौशी खेळाडू असेच वागायचो." गोल झाला, कप गेला. सहा वर्षे झाली, पाहुणा आला म्हणत बाजारात लोक अजून ओरडतात, "ओ द्वारपाल, पाहुना उना, दार उघड!" तो हसून पुढे जातो.

कात्रणात लिहिले आहे की तुम्ही गोलकीपर होतात, तेव्हाही फाऊल तुमच्याच संघाचा होता, आणि तुम्ही झेप घेऊन पेनल्टीचा चेंडू अडवलात, कप जिंकलात. ते कात्रण चुकून दिलेत की मुद्दाम?

दुपारी चुडामणने विचारले, "ताई, साहेबनी बी गोल मोकळा सोडेल व्हता ना?"

मी, घरातली पहिली बी.ए., "हो" म्हणाले. उद्या तोच तुम्हाला हार घालणार आहे.

तुम्हाला दोष कसा देऊ, साहेब? चेंडू माझ्याकडे आला, तेव्हा मीही अडवलाच.

आपली,
केशर नवल पाटील