जाळ्यात मारलेला चेंडू

मोडेस्टो, कॅलिफोर्निया
३ ऑगस्ट १९५३

चि. नोरीन हिस अ. उ. आ.

तुझ्या विजयाची बातमी पेपरात चार ओळींत आली, पण मी ती चाळीस माणसांना वाचून दाखवली. ओटिस न्हाव्याने कात्रण आरशालाच चिकटवलंय. म्हणतो, बागेतल्या सिमेंटच्या टेनिस कोर्टांवर झाडू मारणाऱ्याची पोर गवतावरच्या बड्या घरच्या पोरींना धूळ चारते म्हणजे काय! आता तू हरवलंस त्या ल्युसिलने आधी तुला दोनदा हरवलं होतं ना? इंग्लंडला जाणाऱ्या संघात एकच जागा उरलीय, ती आता तुझीच असं सगळे धरून चाललेत. आईने पीचच्या बारा बरण्या भरल्यात नि माझ्यापासून लपवल्यात.

तू दोनच ओळी का खरडल्यास? तब्येत बरी आहे ना? सविस्तर लिही.

लोभ आहेच, तो वाढतोय.
तुझा पप्पा

साऊथ ऑरेंज, न्यू जर्सी
९ ऑगस्ट

ती. पप्पांस शि. सा. न.

तब्येतीला काही धाड भरलेली नाही. पण एका जागी बसवत नाही. ज्यांच्याकडे उतरलेय त्या बाईंनी काल विचारलं, खुर्चीत मुंग्या आहेत का म्हणून.

पप्पा, ते कात्रण काढायला सांगा. शेवटचा फटका माझा होता आणि चेंडू चार बोटं बाहेर पडला. रेषेवरचे म्हातारे गृहस्थ गप्प राहिले, पंचांनी सामना मला दिला. चुकून गुण मिळाला की पुढचा चेंडू जाळ्यात मारून तो परत करायचा, हे तुम्ही मला नीट रॅकेट धरता येण्याआधी शिकवलंत. पण इथे पुढचा चेंडूच नव्हता! तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. धावत जाऊन हात मिळवला. ल्युसिल नुसती रेषेकडे बघत राहिली. मला माझी लाज वाटते.

पुढच्या स्पर्धेत गाठ बहुधा तिच्याशीच आहे. पहिलाच चेंडू जाळ्यात मारला तर चालेल का?

माया पातळ करू नका.
तुमची नोरीन

मोडेस्टो
१३ ऑगस्ट

चि. नोरीन हिस अ. आ.

कात्रण काढलं. ओटिसला कारणही सांगितलं. माझी अर्धी दाढी तशीच ठेवून तो ऐकत राहिला.

मी रागावलोय, लपवत नाही. पहिल्या चेंडूचं मला सांगू नकोस. पहिला कोणीही देईल. तू तिचा शेवटचा घेतलास. आई म्हणते, पोर एकटी आहे, इतकं टोचून लिहू नका. म्हणून थांबतो.

वेळेवर जेवत जा.
पप्पा

साऊथ ऑरेंज
२१ ऑगस्ट

ती. पप्पांस शि. सा. न.

काल ल्युसिलशीच गाठ पडली. तिसऱ्या सेटमध्ये मी पाच-चारने पुढे, एका गुणावर सामना. तिचा चेंडू अगदी आयता आला. मी तो जाळ्याच्या बुडाशी मारला. लोक हळहळले, ल्युसिलला मात्र कळलं. मग ती सात-पाच जिंकली आणि संघात तिचं नाव लागलं.

मला वाटलं, गळ्यात पडेल. कसलं काय! हात मिळवताना दातओठ खात म्हणाली, तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर तुला जन्मभर मानलं असतं. आज माझ्या जिंकण्यालाही डाग लावलास. पप्पा, तिचं खरं आहे. अजून पायाला थारा नाही.

पुढच्या शनिवारी गाडीने येतेय. दोन नंबरचं कोर्ट झाडून ठेवा. मी खेळताना रेषेवर तुम्ही उभे राहा, पण ओरडू नका. बाहेर गेलेल्या चेंडूला ‘बाहेर’ मला म्हणू द्या.

आईला नमस्कार. रागासकट लोभ असू द्यावा.
तुमची नोरीन