माझ्या खुर्चीतून उठलेली आवई

४ नोव्हेंबर
कंबर बरी. गुडघा बरा. दातांची विचारपूस करावी, तर ते आहेत कुठे! डावा दंड तेवढा दुखतोय — काल नर्सबाईंनी फ्लूची लस टोचली. रात्री जरा कणकण होती. सकाळी दुकान उघडलं, वस्तरा हातात घेतला, सगळं विसरलो.

५ नोव्हेंबर
बेकरीवाला दाढीला बसला. ‘काका, टोचून घेतलंत म्हणे? आमच्याही नातवाला गोवराची लस द्यायचीय.’ झालं! आपल्याला कधी साधं सांगता आलंय? कणकणीचा ताप केला, तापाची हुडहुडी केली. ‘अरे, हातच उचलेना!’ गळ्याशी वस्तरा असला की माणूस फार मन लावून ऐकतो. ‘बाप रे!’ म्हणाला. मला गार वाटलं.

९ नोव्हेंबर
शिंपी सांगत होता — लस घेऊन कुणा म्हाताऱ्याचा हात लुळा पडला. मी हसण्यावारी नेलं.

११ नोव्हेंबर
आज पोस्टमन तेच म्हणाला! औषधवालाही! एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? लेकीला फोन केला — ‘छकुलीची गोवराची लस उद्या ना? थांब जरा.’ ‘बरं, बाबा.’ गुणाची पोर, एका शब्दात ऐकते.

१४ नोव्हेंबर
पलीकडच्या रस्त्यावरचा रंगारी पहिल्यांदाच आला. त्याच्याही तोंडी तोच म्हातारा. खोदून विचारलं, कोण रे हा?
‘न्हावी आहे म्हणे. बेकरीसमोरचा...’
आरशात आमची नजरानजर झाली.
‘कुठला हात गेला म्हणालास?’
‘डावा.’
डाव्या हातानंच त्याची मान वाकवून धरली होती मी!
माझीच थाप. चार तोंडं फिरून आली, तर मलाच ओळखू येईना. उलट जितकी फिरली, तितकी खरी वाटली!
धावत लेकीला फोन. ‘अहो बाबा, ठरल्या दिवशीच टोचून आणलं तिला. रडली, झोपली, उठून खेळली.’
‘मग बरं बाबा का म्हणालीस?’
‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून.’
आजवरचे सगळे ‘बरं बाबा’ आता नव्यानं तपासायला हवेत.

१५ नोव्हेंबर
लेक माझं ऐकत नाही, म्हणून वाचलो. पण बेकरीवाला ऐकतो.
आज बेकरी बंद. नातवाला घेऊन दवाखान्यात गेलेत — लस टोचायला की गोवर निघाला म्हणून, कुणालाच ठाऊक नाही. फोन उचलत नाही. शेवटी मेसेज केला: ‘तो लुळा म्हातारा मीच. ठणठणीत आहे. सगळी थाप होती. बाळाला टोचलंत ना? कसा आहे? लगेच कळव रे.’